डागाची जागा

"मोडायला न्हाई आणलं गं. घडवायला आणलंय," छबूबाई म्हणाल्या आणि ओच्यातली पुरचुंडी त्यांनी काउंटरवर सोडली.

आत पायातले तोडे होते. जाड, पीळदार, जुन्या घाटाचे. एका तोड्याला बाहेरच्या अंगाने पोचा आलेला.

"इहिरीवर दगड पडला हुता पायावर. हाड वाचलं. तोड्यानं झेललं."

वृषालीने तोडे तराजूवर ठेवले. तिसगावातल्या या सराफी दुकानात ती टंच मशीन चालवायची. केमिस्ट्री घेऊन नगरला बी.एस्सी. झालेली, सासर याच गावातलं. मशीन आलं तेव्हा हर्षलशेठने तिलाच बोलावलं होतं. वस्तू आत ठेवायची, झाकण लावायचं; शंभरात चांदी किती, ते स्क्रीनवर येतं.

"नातीला, ज्योतीला, पोरगी झालीया," छबूबाई सांगत होत्या. "बारशाला वाळे घालायचेत. ह्याच चांदीतले. उरंल त्याचे पैशे द्या, जेवनाला हुतील."

"आजी, तयार वाळे आहेत की," हर्षलशेठ गादीवरून म्हणाला. "आत्ता घेऊन जा."

"तयार नको. दुसऱ्या कुना बाईची चांदी, तिनं काय भोगलं आसंल कुनाला ठावं? हे माज्या आईचं. मरंस्तवर खुरपत हुती, पर गुडगा म्हनून दुखला न्हाई तिचा. तेच जाऊ दे पोरीच्या पायात."

"गुडघ्याची गॅरंटी आम्ही देत नाही हां!"

छबूबाई खळखळून हसल्या. मग वृषालीकडे बोट करून म्हणाल्या, "शेट, तुमच्यावर न्हाई माजा इस्वास. ह्या पोरीवर हाय. शिकल्याली हाय. आन् मशीन खोटं बोलत न्हाई."

शेठही हसला. अशा बोलण्याचा तो राग धरत नसे.

मशीन खोटं बोलत नव्हतं, हे खरंच होतं. ते फक्त खालच्या काचेवर टेकेल तेवढंच वाचायचं. जुन्या दागिन्याचे तुकडे जिथे जोडलेले असतात, तिथे सोनाराने डाग दिलेला असतो. त्या डागात तांबं, जस्त जास्त आणि चांदी कमी. तोडा पिळावर ठेवला तर एक आकडा येतो, डागावर ठेवला तर दुसरा. कामाला लागली तेव्हाच शेठने सांगितलं होतं, "ताई, डाग खाली करून ठेवत जा." का, ते वृषालीने विचारलं नव्हतं. तिला ते कळलं होतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

आत्ताही तिच्या बोटांनी तोडा आपसूक फिरवला. डाग खाली. झाकण बंद.

"अडुसष्ट," तिने वाचून दाखवलं.

"येवढीच? आई तर म्हनायची, चोख हाय."

"जुनी चांदी अशीच असते, आजी," वृषाली म्हणाली. पाठ्यपुस्तकातली व्याख्या सांगावी तशी.

बारशाच्या आदल्या दिवशी छबूबाई वाळे न्यायला आल्या. शेठने ड्रॉवरमधून तयार मालाची डबी काढली, वाळे तोलले, वर मजुरी लावली आणि उरलेल्या नोटा पुढे केल्या. छबूबाईंनी वाळे गालाला लावले. मग शेठला नाही, वृषालीला विचारलं, "माजेच ना गं हे?"

"हो आजी. तुमचेच."

चांदीला आठवण नसते. एक अणू दुसऱ्यासारखाच. संध्याकाळी घरी भाकरी थापताना वृषालीने हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. सांगितलेलं सगळं बरोबर होतं, आणि तरी भाकरी करपली.

तोडे वितळवले गेलेच नव्हते. उजळून, चकचकीत करून ते शोकेसमध्ये लागले होते. मोहट्याच्या देवीला जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या गावात चहाला थांबतात. त्यातल्या बायकांना असा जुना घाट आवडतो.

"घेताना मोड, विकताना दागिना," शेठ तोड्यांना किमतीची चिठ्ठी बांधताना म्हणाला होता. "मधलं ते आपलं पोट. माझं, आणि तुमचंही, ताई."

बारसं झाल्यावर छबूबाई घुगऱ्यांचा डबा घेऊन आल्या. शेठ बाहेर फोनवर बोलत होता. वृषाली चटकन उठली आणि शोकेसला पाठ लावून उभी राहिली.

"नाव काय ठेवलं, आजी?"

"ज्ञानेश्वरी. पाय झाडती नुसती. वाळं वाजलं की आपलीच आपन दचकती." त्या हसल्या. "आशी हुबी का? सरक, डबा ठिवू दे."

वृषाली सरकली.

छबूबाईंनी डबा ठेवला. नजर वर आली आणि काचेवर थांबली. त्या थोड्या पुढे झाल्या. पोचा जिथे होता, तिथे काचेवर त्यांनी बोट टेकलं. शेठचा बाहेरचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"आजी, मी..."

"समद्यांना सांगून बसलेय मी," छबूबाई हळू म्हणाल्या. "माज्या आईच्या तोड्यातलं हाय म्हनून. पोरीच्या कानात बी सांगितलं. आता कुनी इचारलं, तर तू बी तसंच सांग."

वृषालीने मान डोलावली.

"खा. गार झाल्यावं चव न्हाई ऱ्हात."

पदर डोक्यावर घेऊन त्या पायऱ्या उतरल्या. शेठ आत आला, मूठभर घुगऱ्या तोंडात टाकून म्हणाला, "मीठ कमी पडलंय," आणि पुन्हा बाहेर गेला.

वृषालीने शोकेस उघडलं. पोचा असलेला तोडा काढला. डाग वर करून, पीळ खाली ठेवून झाकण लावलं.

चौऱ्याऐंशी.

आकडा स्क्रीनवर तसाच राहिला. मग बराच वेळ कोणी हात लावला नाही, तेव्हा स्क्रीन आपोआप काळी झाली.