बहिरा पंच

मला शर्यतीचा पंच का केलं, सांगू? मी लई न्यायी आहे म्हणून नव्हे. माझ्या कानात कुणाला काही कुजबुजता येत नाही, म्हणून! लिंबायतच्या सांच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, तीस वर्षं कापड विणलं, त्या खडखडाटाने दोन्ही कान खाल्ले. मग घोडागाडीच्या शर्यतीवाले म्हणाले, चिंधाआबाला बसवा, बहिऱ्याला फितवणार कोण? हसले मेले. मीही हसलो.

शर्यत होळीनंतर, कडोदऱ्याच्या पलीकडे, कालव्याकाठच्या रस्त्यावर. हलकी दोनचाकी गाडी, एक घोडी, एक हाकणारा. घोडीने रेवाल चालीतच पळायचं, म्हणजे पाठीवर भरला पेला ठेवला तरी सांडू नये. चौखूर उधळली की गाडी बाद. आपोआप उधळली तर नुसती हार. पण हाकणाऱ्याने मुद्दाम उधळवली, तर त्याला जन्मभर बंदी आणि सगळ्या पैजा रद्द. आपोआप की मुद्दाम, हे सांगायचं माझ्याकडे. मी मोटरसायकलवर मागे बसून गाड्यांच्या बरोबरीने जायचो.

हेमराज माझ्या गावचा. पोरगा होता तेव्हा मीच त्याला सांच्यावर लावलं. कारखान्यात तोंडाने बोलून उपयोग नाही, तिथे सगळं हाताने बोलायचं. पाणी, शेठ आला, जेवायला चल, सगळ्याच्या खुणा. मी त्याला एकेक शिकवली, आणि पुढे आम्ही दोघांनी मिळून आमच्या शंभरेक वाढवल्या. पुढे कारखान्यातलं काम सुटल्यावर त्याने घोडी घेतली, वरातीला भाड्याने द्यायची म्हणून. पण रोज संध्याकाळी माझ्या खोलीवर यायचाच. कोणाची पोरगी पळाली, कोणाच्या घरी भांडण झालं, अख्खं लिंबायत हाताने सांगायचा. हसून हसून माझं पोट दुखायचं.

बायको गेल्यावर माझ्याशी बोलणारा तेवढाच एक राहिला. मुलगा कुंदन बमरोलीला असतो. येतो, मोबाइलवर दोन ओळी लिहून दाखवतो, ‘जेवला का, गोळी घेतली का’, आणि जातो. वाईट नाही तो. पण त्याला माझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही आणि मला विचारता येत नाही.

या वर्षी हेमराजच्या मैनेवर सगळ्यांनी पैजा लावल्या होत्या. घोडीच तशी होती. नाक्यावर भजी तळणाऱ्या उषाबाईनेसुद्धा लावली, आणि ती बाई पैशाची किती चिकट, हे मला माहीत आहे.

मैना पुढे होती. नजर लागावी अशी चालत होती. बाभळीपाशी सुकदेव उभा दिसला. पैजा घेणाऱ्यांचा माणूस, मैना हरली तर सगळा पैसा त्यांचाच. पण एके काळी आमच्याच कारखान्यातला. मी घोडीच्या पायांकडे बघत होतो. आणि एकदम माझी मान वर झाली.

हेमराजने हात उचलून दोन बोटं एकमेकांत अडकवली आणि झटक्यात सोडवली. म्हणजे, सुताचा तार तुटला, सांचा बंद करा. तीस वर्षं ती खूण डोळ्याच्या कोपऱ्यात जरी दिसली तरी माझं डोकं वळायचं, झोपेतून उठवलं तरी वळेल. अरे मूर्खा, दुसरी कुठलीही खूण करायची होतीस! मी पायांकडेच बघतो, एवढंच तो धरून चालला. सुकदेवने मान हलवली. हेमराजने उजवा लगाम हिसडला, घोडीच्या कुशीवर चाबूक मारला, आणि मैना चौखूर उधळली.

शेवटच्या खांबापाशी सगळे माझ्याभोवती जमले. हेमराज गाडीवरून उतरून समोर आला. छातीशी धरलेले त्याचे हात भराभर हलत होते. दुसऱ्या कुणाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

‘आबा, नुसतं उधळली म्हण. खोटं नाही ते. उधळलीच ना? कोणाला कळणार नाही. आपण दोघंच आहोत.’

आपण दोघंच आहोत! तो म्हणत होता ते खरंच होतं. नुसतं उधळली म्हटलं असतं तर संध्याकाळी तो आला असता, बसला असता. मी त्याच्याकडे बघितलं, मग उषाबाईकडे. ती पदर तोंडाशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळेच बघत होते. फितवता येत नाही म्हणून मला बसवलं होतं ना यांनी?

“मुद्दाम उधळवली,” मी म्हणालो. माझा आवाज केवढा निघाला, मला माहीत नाही. पुढे नुसती तोंडं उघडताना दिसली.

पैजा रद्द झाल्या. हेमराजवर बंदी आली, वरातीचं कामही लोकांनी बंद केलं, त्याने मैना विकली. मला मात्र रस्त्यात माणसं थांबवून हात जोडतात. काहीतरी बोलतात. मी मान हलवतो. संध्याकाळी दार उघडं ठेवून बसतो, आणि काय सांगू, भिंतींचा राग येतो मला.

महिन्याने हेमराज आला. दारातच उभा राहिला. मी धडपडत उठलो, हाताने म्हणालो, ‘ये, बस. चहा ठेवतो.’ तो हलला नाही. मी पुन्हा म्हणालो, ‘चुकलं असेल माझं, तर सांग.’

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तोंडाने बोलायला लागला. बराच वेळ बोलला. ओठ थरथरत होते, मधेच डोळे भरून आले. मला एक शब्दही ऐकू येणार नाही, हे त्याच्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. “हाताने बोल रे, भो,” मी म्हणालो, ओरडलोही असेन. त्याने हात पुढे आणले नाहीत. बोलणं पूर्ण केलं आणि निघून गेला.