बंद कर, परत चालू कर

मी एक जुना लॅपटॉप आहे. आपली कहाणी सांगताना सुरुवात नम्रपणे करावी म्हणतात. पण मित्रांनो, माझी सहनशक्ती संपली आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: त्या सगळ्या प्रकरणात दोष माझा नव्हता.

तरुणपणी मी दूरच्या एका थंड देशात, कचेरीत कामाला होतो. चार वर्षे राबलो. मग नवा माल आला आणि आम्हा जुन्यांना खोक्यांत भरून जहाजावर चढवले. उतरलो तो केनियात. करातिनाच्या बाजारात वारुगुरूबाईंनी मला कोबीसारखे उलटेसुलटे करून पाहिले आणि लेकीसाठी घरी आणले. लेक गथोनी सुईणीचे शिक्षण घेत होती. पहिली दोन वर्षे सुखाची गेली. शेजारणी मला बघायला येत. माझ्या बटणांवरची अक्षरे गथोनीच्या बोटांनी पुसली गेली, त्याचा मला अजून अभिमान आहे.

आमचा राउटर बैठकीच्या खोलीत, क्रोशाच्या रुमालावर ऐटीत बसलेला. मी आतल्या खोलीत. मध्ये एक बोळ. पूर्वी त्याचे बोलणे मला स्वच्छ ऐकू येई. पण ईस्टर झाला आणि काहीतरी बिनसले. अर्धे वाक्य यायचे, मग सगळे गप्प. पुन्हा अर्धे वाक्य, पुन्हा गप्प.

नेमकी तेव्हाच गथोनीची शेवटची तोंडी परीक्षा आली, तीही इंटरनेटवरून. पहिल्या वेळी तिसऱ्याच मिनिटाला संपर्क तुटला. दुसऱ्या वेळी परीक्षकबाई तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजल्या आणि तशाच राहिल्या. कॉलेजने कळवले की गुरुवारी सकाळी दहाला तिसरी आणि अखेरची संधी, नाहीतर अख्खे वर्ष पुन्हा. नियम असा की परीक्षा दार लावलेल्या खोलीत एकटीने द्यायची, फोन बाहेर ठेवायचा. बैठकीच्या खोलीला दार नाही, नुसता पडदा. राउटरची तार भिंतीतून वीतभरच बाहेर आलेली, त्यामुळे तोही जागचा हलेना.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. गथोनीचा चुलतभाऊ नदेरितू आला. त्याला एकच औषध ठाऊक.

"बंद कर, परत चालू कर," तो म्हणाला.

"सकाळपासून सात वेळा केलं," गथोनी म्हणाली.

"मग आठव्यांदा कर. माझं तर आठव्यालाच होतं."

आठव्यांदाही झाले नाही. मग त्याने मला राउटर विसरायला लावला आणि पुन्हा ओळख करून दिली. दिवसातून चार वेळा. एकाच नवरा-बायकोचे रोज लग्न लावावे तसा तो प्रकार. पासवर्ड म्हणजे वारुगुरूबाईंच्या गाईचे नाव, ते मला आता झोपेतही येते. त्याने माझ्या पोटातल्या वायफायचे ड्रायव्हर काढले, नवे घातले, वीज वाचवण्याची सवय मोडली. रोग हल्याला आणि औषध पखालीला! चर्चमधल्या एका आजोबांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला जरा बरे वाटले, सिग्नल मात्र तेवढाच राहिला.

"जुनं ते जुनंच," वारुगुरूबाई म्हणाल्या. "चहा पाजला तरी म्हातारं पळणार आहे का?"

मला इतका संताप आला की पंखा गरगरला. त्यावर त्या म्हणाल्या, "बघ, धापाही टाकतंय."

बुधवारी दुपारी बाजारात फोन दुरुस्त करणारा मुरिथी आला. त्याने मला हातही लावला नाही. आधी चहा प्यायला.

"हे कधीपासून होतंय?" त्याने विचारले.

"ईस्टरपासून," गथोनी म्हणाली.

"ईस्टरला काय झालं घरात?"

"काय होणार? कोंबडी कापली."

"आणि नवीन काय आलं?"

गथोनीने आईकडे पाहिले. वारुगुरूबाईंनी कप खाली ठेवला. "माझे पत्रे," त्या हळूच म्हणाल्या.

हे पत्रे म्हणजे त्यांचा जीव. बाराजणींचा गट होता. सगळ्या मिळून एकेकीला आळीपाळीने घराच्या छपराचे पत्रे घेऊन देत. दरवेळी कुणाची तरी नड निघे आणि बाई आपली पाळी सोडून देत. अशी अकरा वर्षे गेली. अखेर ईस्टरपासून त्यांचे पत्रे येऊ लागले, दर आठवड्याला थोडे थोडे. चोराच्या भीतीने त्यांनी ते बोळात उभे करून ठेवले होते.

मुरिथीने मला उचलून राउटरपाशी नेले. सिग्नलच्या चारही रेघा. पत्र्यांच्या पलीकडे आतल्या खोलीत आणले. एक रेघ, तीही लुकलुकती.

"पत्र्यानं पाऊस अडतो, बाबा," वारुगुरूबाई म्हणाल्या. "हवेतलं कसं अडेल?"

"अडतं, मावशी. लोखंडापुढे याचं काही चालत नाही. जसजसे पत्रे वाढले तसतसं हे बिचारं बहिरं झालं."

बिचारं! मित्रांनो, दोन महिन्यांत मला मिळालेला हा पहिला चांगला शब्द.

"बाहेर ठेवू? शेजारच्या न्जेरीचे भरदुपारी गेले अंगणातून," बाई म्हणाल्या. "गावाकडच्या जागेवर भिंती उभ्या राहीपर्यंत मी ते नजरेआड करणार नाही."

"राहू दे, आई," गथोनी म्हणाली. "मी पुढच्या वर्षी देईन परीक्षा."

ती रागाने म्हणाली असती तर बाईंनी दोन शब्द सुनावले असते. पण ती मनापासून म्हणाली. बाई उठल्या, डोक्याला फडके बांधले आणि बाहेर पडल्या.

गुरुवारी सकाळी आठला गटातल्या बाकीच्या अकराही जणी हजर झाल्या. एकेक पत्रा धरून त्यांनी सगळे अंगणात रचले आणि त्यावर ओळीने बसल्या, मध्ये वारुगुरूबाई. परीक्षेत आवाज जायला नको म्हणून तोंडे बंद. त्या बारा बायका पाऊण तास गप्प बसल्या, यावर करातिनात अजून कोणी विश्वास ठेवत नाही.

आत मी जिवाचा कान करून ऐकत होतो. परीक्षकबाईंचा एकही शब्द मी सांडू दिला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "उत्तीर्ण. अभिनंदन, सिस्टर." गथोनीला ते ऐकू आले. कारण ते मला ऐकू आले होते.

ती धावत बाहेर गेली. अंगणात एकच गलका झाला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, मुरिथीचे मानले, राउटरचेसुद्धा मानले. माझ्याकडे कोणी वळले नाही. मला त्याचा राग आहे आणि तो लपवायचे कारण मला दिसत नाही.

मित्रांनो, कुणी जुने झाले, ऐकेनासे झाले, की त्याला झोडपू नका. आधी विचारा, हे कधीपासून? आणि त्याच्या वाटेत आपणच काय उभे केले आहे ते उठून पाहा. त्या दोन महिन्यांत घरच्यांना मी मुका वाटलो. पण पत्र्यांच्या मागून मी दर क्षणाला हाक मारत होतो. एकदाही थांबलो नव्हतो.