टेबलाखालचा धडा

सुताराची नात पहिल्यांदाच आजोळी येणार होती. जावई तुर्की बोलणारा, संसार तिकडचाच. त्यामुळे चार वर्षांच्या त्या पोरीला तुर्कीशिवाय दुसरी भाषा ठाऊक नव्हती. त्यात फोनवर आजोबांच्या मिशा दिसल्या की ती धूम ठोकायची. पोरगी आपल्याजवळ आलीच नाही तर? या एकाच घोरानं म्हातारा तुर्की शिकायला बसला.

लेक फोनवरून एखादं वाक्य सांगायची आणि सुतार रंध्याच्या प्रत्येक फेऱ्याला ते घोळवायचा, देवाचं नाव घ्यावं तसं. “बु मासा. हे टेबल. मासा ब्युयुक. टेबल मोठं.”

“टेबलाला मासा?” बायको आतून म्हणाली. “मग माशाला काय, स्टूल म्हणतात?”

“हस तू. यांना ‘आहे’सुद्धा लागत नाही. वस्तू सांगायची, कशी ते सांगायचं, संपलं. तुझ्यासारखं पाल्हाळ नाही.”

खुर्ची संदाल्ये, दार कापी, लहान ते क्युच्युक. बघता बघता सगळं घर पाठ झालं.

आणि नात आली. मिशा बघितल्या नि थेट आजोबांच्या कामाच्या टेबलाखाली शिरली.

सुतारानं घसा खाकरून अख्खा धडा म्हटला. दार मोठं, खुर्ची लहान, टेबल मोठं. पोरगी आणखीच मागे सरकली. ‘ये गं बाळा’ काही धड्यात नव्हतं.

“बाबा, मी समजावते तिला,” लेक म्हणाली.

“तू राहा बाजूला. माझी नात आहे.”

गुडघे कुरकुरत तो भुशात बसला, आत सरकला, आणि टेबलाची कड खाडकन कपाळावर बसली. कपाळ चोळत तो पुटपुटला, “मासा क्युच्युक.” टेबल लहान. मग छातीवर हात ठेवून कबुली दिल्यासारखं म्हणाला, “देदे ब्युयुक.” आजोबा मोठा.

अंधारात खुदकन हसू फुटलं. पोरगी रांगत आली, मिशी ओढून पाहिली, ती निघत नाही अशी खात्री करून घेतली आणि त्याच्या मांडीवर ठाण मांडून आईला म्हणाली, “बु संदाल्ये.”

“ही खुर्ची म्हणे,” सुतारानं बायकोला ऐटीत सांगितलं.

“जन्मभर खुर्च्या केल्यात, आता स्वतः झालात. चला, चहा निवतोय.”

पायांना मुंग्या आल्या होत्या. तरी तो हलला नाही.

“अगं, खुर्ची कधी चालत जाते का? इकडेच आण.”