तुतीच्या बदल्यातलं रोप

अंगणातली तुती मी तोडली ते योग्यच केलं, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. झाड माझं, जमीन माझी. तरी नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे आपल्या अंगणातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. हा नियमही योग्यच आहे. तो नसता तर आमच्या गल्लीत एव्हाना विजेचे खांब तेवढे उभे राहिले असते.

बायकोचे गुडघे पार गेले होते. वरच्या मजल्यावरून ती खाली यायची ती दवाखान्यात जाण्यापुरती, तीही खुर्चीत बसवून आणावी लागे. खाली मोकळी जागा होती ती फक्त तुतीखाली. तिथे तिच्यासाठी खोली आणि न्हाणीघर बांधायचं मी ठरवलं. जन्मभर गवंडीकाम करून लोकांच्या भिंती उभ्या केल्या, ही आपल्या माणसासाठी.

अर्ज केल्यावर बुंध्यावर नोटीस लागली. कुणाची हरकत असेल तर कचेरीत येऊन सांगावी. हरकत एकाचीच आली, शेजारच्या शिंप्याची. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते. गंमत म्हणजे तुतीची फळं गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर पडून डाग पडतात म्हणून हाच मास्तर वर्षानुवर्षं झाडाच्या नावाने बोटं मोडायचा. सुनावणीच्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून हजर. तुतीची एक फांदी त्याच्या ओट्यावर झुकलेली होती, तिच्या सावलीत त्याचं मशीन असे. झाड गेलं तर उन्हात मी शिवू कसा, असं त्याचं म्हणणं.

वृक्ष विभागाच्या बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. आजारी माणसाची गरज म्हणून परवानगी दिली, पण बदल्यात आमच्या दोन फाटकांच्या मधे, सार्वजनिक फुटपाथवर, एक रोप लावायचं. झाड नगरपालिकेचं, जगवण्याची जबाबदारी माझी. त्याने मूळ धरलं अशी बाईंची खात्री होईपर्यंत नव्या न्हाणीघराला नळाची जोडणी मिळणार नव्हती.

त्या दिवसापासून मास्तर माझ्याशी बोलेनासा झाला. मीही बोललो नाही.

फुटपाथवर फळझाड चालत नाही, लोक फळांवरून घसरतात. म्हणून विभागाने आपल्याच रोपवाटिकेतलं एक बारीक पानांचं रोप दिलं. त्याचं नाव कुणालाच नीट घेता येईना, गल्लीने त्याला ‘सरकारी’ म्हणायला सुरुवात केली. मी खड्डा घेतला, रोप लावलं, माती भरली आणि पायाभरणीला करतात तशी धुम्मसाने चांगली ठोकून घेतली. वर पेंढा पसरला. रोज पहाटे बादलीभर पाणी घालू लागलो.

इकडे खोली उभी राहिली. छत पडलं, फरशी बसली, भिंतीला धरायला दांडे लावून झाले. नळ तेवढा कोरडा. आणि तिकडे सरकारी पिवळं पडायला लागलं. आधी खालची पानं गळली, मग वरची माना टाकू लागली. मी पाणी वाढवलं, तशी गळती आणखी वाढली. एवढ्या सेवेनंतर रोप मरतंय म्हणजे कुणीतरी मारतंय, आणि कोण ते विचारायचीही गरज नव्हती. बाईंची फेरी जवळ आली होती. मी वर जाऊन बायकोला म्हणालो, “मास्तर रोपात काहीतरी ओततो.”

“ओततो ना,” ती म्हणाली. “पाणी.”

ती दिवसभर खिडकीशी बसलेली. तिने सगळं पाहिलं होतं. पहाटे मी घालायचो आणि दुपारी मी झोपलो की मास्तर त्याची झारी घेऊन यायचा. तिला वाटलं, आमचं जमलंय आणि आम्ही पाळ्या लावून घेतल्यात. मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “अहो, मोठ्या मुश्किलीने दोघांचं जुळलं असेल. मी तोंड घालून कशाला बिघडवू?”

मी तसाच मास्तरच्या ओट्यावर गेलो. त्याने मशीन थांबवलं नाही. सकाळचं पाणी माझं असतं म्हणून सांगितलं, तेव्हा थांबवलं.

“मला वाटलं तुम्ही रोवून मोकळे झालात, अण्णा,” तो म्हणाला. “दुपारी बघावं तर पेंढा कोरडा. गवंडी माणूस, भिंत वाळली की पाणी बंद.”

“आणि तू कशाला घालतोस? तुझा तर माझ्यावर राग.”

“राग तुमच्यावर आहे. सावली मला हवी आहे.”

दोन-दोन वेळचं पाणी जातं कुठे ते बघायला हवं होतं. आम्ही कुदळ आणली. वीतभर उकरलं तर खाली पाणी तुंबलेलं, आणि त्याला कुजका वास. धुम्मसाने ठोकून मी अशी पक्की टाकी केली होती की थेंब खाली झिरपत नव्हता. मास्तर म्हणाला, काम मात्र मजबूत आहे हो तुमचं. मी रोप अलगद उचललं. काळी पडलेली मुळं कापायची होती. मास्तर आत गेला आणि कापडाची कात्री घेऊन आला. ही कात्री तो कागदालाही लावू देत नाही. आम्ही खड्डा मोकळा केला, तळाला खडी टाकली, माती भुसभुशीत ठेवून रोप परत बसवलं.

खरं कठीण काम पुढे होतं, पाणी न घालण्याचं. ऊन तापलेलं, रोप उघडंबोडकं. माझा हात बादलीकडे जाई आणि मास्तर ओट्यावरून खाकरे. तो झारी उचली तेव्हा खाकरायची पाळी माझी. दोघंही चुकलो तर वरून खिडकीवर टकटक होई.

बाई आल्या तेव्हा झाडावर एक पान नव्हतं. त्यांनी नखाने साल खरवडली, आत हिरवं होतं. एका पेरापाशी मोहरीएवढा कोंब निघाला होता. त्या म्हणाल्या, जीव आहे. पण पाणी कोण घालतं?

“मी,” आम्ही दोघंही म्हणालो.

“म्हणूनच ही दशा झाली. एका माणसाने जबाबदारी घ्या, तरच नळाचा शेरा देते.”

परवानगी माझी, म्हणून मी माझं नाव सांगितलं. मास्तर म्हणाला, यांचं नको, हे पुन्हा ठोकतील. मी म्हणालो, याच्या हातात झारी दिली तर नदी वाहील. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. तेवढ्यात वरून बायकोचा आवाज आला.

“बाई, माझं नाव लिहा. या दोघांना पाणी घालता येतं, थांबता येत नाही.”

“आजी, तुम्ही वर. रोप इथे.”

“नळ आला की खालीच राहायला येणार आहे. त्या खोलीच्या खिडकीतून रोप दिसतं आणि हे दोघेही दिसतात.”

मास्तर पटकन म्हणाला, वहिनींचं नाव असेल तर माझी काही हरकत नाही. बाई हसल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

जोडणी झाली त्या दिवशी मी एका बाजूने आणि मास्तरने दुसऱ्या बाजूने धरून तिची खुर्ची खाली आणली. दांड्याला धरून ती स्वतःच्या पायांवर न्हाणीघरात गेली, नळ सोडला, तांब्या भरला. मास्तर दारातून म्हणाला, वहिनी, आणा इकडे, रोपाला घालतो.

“आज नको,” ती म्हणाली आणि तांब्या आपल्या पायांवर ओतला.