ज्या पायाला लागलंच नाही

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम असेल, तर तो जरा काढून बघा. लग्न कडेगावच्या बाजूचं असेल, तर फेट्यांच्या आणि बँडवाल्यांच्या गर्दीत एक पांढरं लांबट तोंड दिसेल. ती मी, शेवंता घोडी. आता म्हातारी झाले आहे. माझ्यासारखीनं आपली कहाणी सांगावी का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडला होता. मी कुठलं युद्ध पाहिलं नाही, कुठला किल्ला चढले नाही. पण एकदा मी असं काही पाहिलं, की त्याचं आश्चर्य अजून ओसरत नाही. म्हणून धीर करते. नीट जमलं नाही तर सोडून द्या.

माझा जन्म म्हसवडच्या माळावर, बिरदेव नावाच्या धनगराकडे झाला. मेंढरं घेऊन मंडळी गाव सोडून निघाली, की माझ्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगडी आणि चालता न येणारी कोकरं असायची. कोकरं फार चुळबुळ करतात. पुढे मी नवरदेव वाहिले. तेही चुळबुळ करतात, त्यामुळे नवं काम मला जड गेलं नाही.

बिरदेवाकडून मला कडेगावच्या ज्ञानूनं आणलं. लग्नाला घोडी द्यायची आणि स्वतः लगाम धरून चालायचं, हा त्याचा धंदा. वाजंत्रीची सवय व्हावी म्हणून तो मला वैरण घालायचा आणि शेजारी बसून पत्र्याचा डबा बडवायचा. आधी हळू, मग जोरात. पुढेपुढे डबा वाजला की मला भूकच लागू लागली. त्यामुळे बँड सुरू झाला की दुसऱ्या घोड्या बिथरायच्या आणि मी वैरण कुठे आहे ते बघायचे. लोक म्हणायचे, "घोडी न्हाई, गाय हाय गाय!" मी गाय नव्हते, पण ते प्रेमानं म्हणत, म्हणून मी ऐकून घ्यायचे.

संध्याकाळी, कितीही दमून आला तरी, ज्ञानू माझ्या पायाशी बसायचा. खांद्यावर थाप मारून म्हणायचा, "पाय दे, शेवंते." मी पाय द्यायचे. तो खूर मांडीवर घेऊन माती काढायचा, अडकलेला खडा काढायचा, नाल हलते का बघायचा. मग बोटानं दाबून माझ्या डोळ्यांकडे बघायचा. दुखलं तर मी कान पाडायचे. ते त्याला लगेच कळायचं. "घोडीचा पाय गेला म्हंजी घोडी गेली," असं तो बायकोला, विजयमालेला, नेहमी सांगायचा.

जे मला सांगायचं आहे, त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी त्याला फार तहान लागू लागली. माझ्यापुढे बादली ठेवून तो तांब्यानं पाणी प्यायला बसायचा आणि माझं आटोपलं तरी त्याचं चालूच असायचं. मला कौतुक वाटलं. मग बाजाराच्या दिवशी गावात तपासणी शिबिर झालं, तिथून तो तोंड पाडून आला. विजयमालेला म्हणाला, "साखर निघाली. कुणाला बोलू नको. लगाम धरनाऱ्याला चक्कर येती असं कळलं, तर आपला पोरगा कोन बसवंल घोडीवर?"

गोळ्या सुरू झाल्या. सांगलीच्या दवाखान्यातून तपासणीच्या तारखा मिळू लागल्या. जायला-यायला सगळा दिवस जायचा. आणि काय योग असतो पाहा, तारीख असेल त्याच दिवशी लग्नाची तिथी यायची. नोकरदाराला साहेब रजा देतो. ज्ञानूला रजा देणारा ज्ञानूच, आणि तो फार कडक होता.

"आवं, उद्या सांगली हाय न्हवं?" विजयमाला विचारायची.

"उद्या तिथी हाय. साखर काय पळून जाती व्हय? लगीनसराई सरू दे."

लगीनसराई सरली, की म्हणायचा आता बरं वाटतंय. त्यात बँडमधला क्लॅरिनेटवाला कोंडीबा त्याचा जुना दोस्त. तो पंगतीतून जिलबी घेऊन यायचा. "घे की रं गड्या, का वैनींनी बंदी केली?" ज्ञानू हसत हसत जिलबी खायचा. गोड आवडायचं म्हणून नव्हे. नको म्हटलं तर कोंडीबा का म्हणून विचारील, एवढ्यासाठी.

आता त्या दिवसाचं सांगते.

वैशाख होता. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्या देवळाशी आला होता. ज्ञानूच्या अंगात त्याचा नेहमीचा पोशाख होता: लाल फेटा, लाल कोट आणि लाल कॅनव्हासचे बूट. कुणीतरी माझ्या पोटाखालीच फटाका टाकला. डब्याची सवय होती, फटाक्याची नव्हती. मी उसळले आणि खाली आले ती थेट ज्ञानूच्या उजव्या पायावर. नवरदेवासकट माझं सगळं वजन, नाल ठोकलेला खूर, आणि खाली त्याचा पाय.

मी वाट बघितली. आता तो ओरडेल, मला ढकलेल. मित्रांनो, तो ओरडला नाही. त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही. "हो, हो, शेवंते, काय न्हाई," म्हणत तो माझी मानच कुरवाळत राहिला. मी आपणहून पाय उचलला. तो पुढे चालू लागला, नेहमीसारखा, बँडच्या तालावर.

मी थक्क झाले. माझ्या खुरात वाटाण्याएवढा खडा गेला तर मला चार पावलं टाकवत नाहीत. हा कसला माणूस? मला वाटलं, याला काहीतरी सिद्धी मिळाली असावी. देवळापुढेच घडलं ना!

संध्याकाळी घरी आल्यावर तो माझ्या पायाशी बसला. "पाय दे, शेवंते." मी पुढचा डावा दिला. त्याचा हात थबकला. खुराच्या कडेला रक्त होतं.

"अगं माले, पळत ये! शेवंतेच्या पायाला लागलंय!"

विजयमाला बॅटरी घेऊन आली. ज्ञानूनं चारही खूर मांडीवर घेतले. पाण्यानं धुतले, दाबून दाबून बघितले. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. जखम कुठेच नव्हती. मी कानही पाडत नव्हते. तो म्हणाला, "मग रगात आलं कुठनं?"

विजयमालेनं बॅटरी खाली वळवली. तो बसला होता तिथली माती लाल झाली होती; बूटच लाल, त्यावर काही दिसलं नव्हतं. तिनं त्याच्या उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट ओढून काढला आणि खाली बसली.

"आवं... रगात घोडीचं न्हाई. तुमचं हाय."

ज्ञानू स्वतःच्या पायाच्या चेंगरलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. एखाद्या परक्याच्या पायाकडे बघावं तसा. "पर मला लागलंच न्हाई," तो हळूच म्हणाला. "लागलं असतं तर कळलं असतं की."

तेवढ्यात अंगणात लालासाहेब आले. फौजेतून पेन्शनीत आलेले, मोठे ऊसबागायतदार. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलाचं, वीरधवलचं लग्न होतं. "ज्ञानू, सकाळी आठाला घोडी दारात पायजे."

"येतो की, मालक," म्हणत ज्ञानूनं पाय बादलीमागे सारला.

"ते येनार न्हाईत," विजयमाला म्हणाली. "त्यास्नी साखर हाय. ते सांगलीला जानार. घोडी मी आनती."

झालं! एवढे दिवस झाकलेलं एका वाक्यात उघडं पडलं. ज्ञानूनं मान खाली घातली.

लालासाहेब गोंधळले. "बाईमानूस लगाम धरनार? लोकं काय म्हनतील?"

"लोकं नवरदेवाकडं बगतील. मलाच बगत बसली, तर तुमच्या पोराचा फेटा नीट बांदा."

लालासाहेबांना हसू फुटलं. मग त्यांना बादलीमागचा पाय दिसला आणि ते हसायचे थांबले. वाकून त्यांनी तो नीट पाहिला. "फौजेत आमच्या पायांची परेड व्हायची रं. बूट काढून हुबं करायचे, तळवं तपासायचे. आमी हसायचो." ते उठले. "सकाळच्या एस्टीची वाट बगू नका, माझी जीप जाईल सांगलीला. आत्ता."

दुसऱ्या दिवशी विजयमालेनं माझा लगाम धरला. तिची पावलं बरोबर तालावर पडत होती. ज्ञानूच्या साखरेची बातमी कळलेल्या कोंडीबानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं, काढलं, परत लावलं. मग असं काही वाजवलं, की म्हाताऱ्या बायाही घराबाहेर आल्या.

संध्याकाळी ज्ञानू परत आला. पायाला मोठं बँडेज होतं. खाट माझ्याजवळ ओढून तो मलाच सांगू लागला. डॉक्टर शिवांजली म्हणून तरुण बाई आहेत. त्यांच्याकडे प्लास्टिकचा एक बारीक दोरा होता. त्या म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. पायाला दोरा टेकला की हो म्हणा." ज्ञानू डोळे मिटून वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "टेकवा की आता, बाई." त्या म्हणाल्या, "काका, दोन्ही तळव्यांना टेकवून झालं."

हे सांगताना तो माझ्या खुराकडे बघत होता. माझ्या अंगावर शहारा आला. एवढा मोठा माणूस. माझ्या कानाच्या हालचालीवरून माझं दुखणं ओळखणारा. आणि त्याच्याच तळव्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती! साखरेनं वाटेतच ती अडवली होती, आवाज न करता. ती सिद्धी नव्हती, मित्रांनो.

अंगठा राहील की जाईल, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. जखम भरेपर्यंत पाय टेकायचा नाही आणि दर आठवड्याला सांगलीला यायचं, असं त्यांनी बजावलं. ऐन लगीनसराईत ज्ञानू खाटेवर बसला आणि परण्यांना लगाम विजयमालेनं धरला. कुणी घोडी ठरवायला आलं, की ज्ञानू आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा. "त्या दिवशी न्हाई जमायचं. सांगलीचा मुहूर्त हाय." एक-दोघं रागावून गेले, ते पुन्हा आले नाहीत. बरेचसे थांबले. कोंडीबा मात्र घरी येऊन चिडला. "एवढ्या जिलब्या चारल्या रं तुला! एकदा तरी तोंड उघडायचं!" आता तो पंगतीतून काकडी आणतो.

पावसाळा संपता संपता जखम भरली. नख गेलं, अंगठा राहिला.

आता परण्याला उघडी मोटार मागवतात. मला क्वचितच बोलावणं येतं. माझी भरजरी झूल उंदरांनी कुरतडली. पण तिच्यातला एक गोल आरसा ज्ञानूनं उसवून घेतला. रोज संध्याकाळी तो आधी माझे चारही खूर बघतो. मग खाटेवर बसून स्वतःचा पाय उचलतो, खाली आरसा धरतो आणि तळवा बघतो. बोटांच्या बेचक्या, टाच, सगळं. आपल्याच पायाला म्हणतो, "पाय दे, ज्ञानबा." मी मान वळवून बघत असते. ज्या आरशात नवरदेवांचा झगमगाट पाहिला, त्यात एक भेगाळलेली टाच दिसते, आणि मला ती जास्त सुंदर वाटते.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी मी शहाणी नाही. पण तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर संध्याकाळी घटकाभर त्यांच्या पायाशी बसा. लागलंय का, असं विचारून उठू नका. ते नाही म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील.

तुम्ही पाय मांडीवर घ्या, आणि बघा.