युरिडिसीचा शेवटचा शब्द

ग्रीक कथांचं चित्रांचं पुस्तक आम्हा दोघी बहिणींचं. रूपाली लिहायची, मी चित्रं काढायची. ऑर्फियसच्या खांद्यावर तिनं घोंगडं टाकलं, हातात बासरी दिली, आणि पाताळाचं दार थेट शहागडच्या पुलाखाली उघडलं. "लोकाईला आपलं वाटलं पाह्यजे, ताई," म्हणायची. साप चावून मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, तो पाताळातून परत आणतो. अट एकच, उजेडात पोचेपर्यंत मागं वळून पाहायचं नाही. तो पाहतो आणि ती कायमची जाते.

त्या शेवटच्या चित्रात युरिडिसीच्या तोंडाशी संवादाचा फुगा होता, कोरा. "दवाखान्यातून आल्यावर लिहिते," रूपाली म्हणाली होती. ती आलीच नाही.

पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. "फुग्यात 'अलविदा' लिहून टाका, अडून कशाला राहता?" लिहून टाका म्हणे! आमच्या वडीगोद्रीत घरातून निघताना अलविदा कोण म्हणतं? मी फोन ठेवला, जरा आपटलाच. खरं तर शब्दांचा काही दुष्काळ नव्हता. फुगा भरला की रूपालीचं काम संपणार होतं, आणि तेच मला नको होतं.

आई वर्षभर माझ्या टेबलाकडे फिरकली नव्हती. त्या दुपारी चहा घेऊन आली नि चित्रापाशी थबकली. युरिडिसीचा चेहरा रूपालीचा कधी झाला, माझं मलाच कळलं नव्हतं.

"ही मागं मागं का सरकून राह्यली?"

मी गोष्ट सांगितली.

"मंग काय म्हणती ती?"

"ते लिहायचं राहिलंय."

आईनं कोऱ्या फुग्यावर बोट ठेवलं. मला दवाखान्याला निघालेली रूपाली आठवली. जीपमध्ये बसताना "जाते गं आई" म्हणाली आणि आई खेकसली, "जाते म्हनू न्हाई, कितीदा सांगायचं तुला!" रूपाली हसली. खिडकीतून तोंड काढून तिनं शब्द बदलला.

मी शाईचं पेन उचललं. फुग्यात एकच शब्द लिहिला.

आईला वाचता येत नाही. "काय लिव्हलं, सत्यशीला?"

"येते."

आयुष्यभर उंबऱ्यात उभं राहून दिलेलं उत्तर आईच्या तोंडून आपसूक निघालं.

"ये बाई. जल्दी ये."