शुक्राची कोर

भोकरदनच्या शाळेत भूगोल शिकवणारे पाशामियाँ म्हणायचे, पृथ्वी सूर्याभोवती फिरते. सारं गाव हसायचं. त्यांची बायको लालबीसुद्धा म्हणायची, "जमीन फिरून राह्यली असती तर माझा रांजण हिंदकळला नसता का?"

ते शांतपणे सांगायचे, "शुक्र सूर्याभोवती फिरतो, म्हणून चंद्रासारखा त्याचाबी आकार बदलतो. जुन्या लोकांनी दुर्बिणीतून तेच पाह्यलं, तेव्हा कुठं दुनियेला हळूहळू पटलं, की पृथ्वीबी तशीच फिरते. एकदा माझ्या दुर्बिणीतून बघ तरी." लालबीनं कधी दुर्बिणीला डोळा लावला नाही.

पुढं पाशामियाँ तापानं गेले. नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस लालबीला घराबाहेर पडायचं नव्हतं आणि संध्याकाळ तर खायला उठायची. मग ती त्यांची दुर्बीण घेऊन अंगणात बसू लागली. आधी शुक्र अर्धा दिसला. पुढच्या काही आठवड्यांत तो झिजत झिजत ईदच्या चांदासारखी कोर झाला.

तिनं शेजारच्या नंदाबाईला बोलावून दाखवलं.

"चांदच हाय की," म्हणत नंदाबाई आपल्या चुलीकडं परतली.

लालबी पाशामियाँच्या रिकाम्या बाजेकडं वळली. "तुमचं बराबर होतं," ती म्हणाली. आणि तिनं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.